भाचीच्या वजनाची तूरडाळ

माझ्या भाचीच्या साखरपुड्यात मी पेढ्यांच्या ताटात बसलो. ही गोष्ट आमच्या नात्यागोत्यात इतक्या जणांनी इतक्या प्रकारे सांगितली आहे, की कुणी ताटाची परात केली, कुणी सव्वा किलोचे पाच किलो केले. म्हणून एकदा मीच लिहून ठेवतो. ताट स्टीलचं होतं, पेढे सव्वा किलोच होते, आणि मी काही ठरवून बसलो नव्हतो.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. मी जळगावला एका डाळमिलमध्ये दिवाणजी होतो, म्हणजे दिवसभर खुर्चीत बसून पावत्या फाडणारा माणूस. वय छत्तीस. पोट पुढं, खांदे आत, आणि दम एवढाच, की जिन्याच्या वरच्या पायरीवर पोचल्यावर कशासाठी वर आलो ते आठवायला थांबावं लागे. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, धुळ्याला दिलेली. तिच्या एकुलत्या एका मुलीचा साखरपुडा संक्रांतीनंतर ठरला, तसे आम्ही नवरा-बायको सकाळच्या एसटीनं धुळ्याला गेलो. जेवणात भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या होत्या. मी किती खाल्ल्या ते मोजलं नाही, बायकोनं मोजल्या होत्या.

जेवणं झाल्यावर व्याह्यांकडचं कुणीतरी म्हणालं, "मामा, वैशाखात भाचीला उचलायचं आहे. तयारी आहे ना?"

अक्काच्या सासरी रीत अशी, की लग्नाच्या वेळी नवरी गौरीहरापाशी बसते, तिथून मामानं तिला उचलून बोहल्यापर्यंत आणायचं. मधे तिचे पाय जमिनीला लागता कामा नयेत. आता नवरी दहा-अकरा वर्षांची असे तेव्हा ही रीत कुणीतरी घातली असणार. आमची भाची बावीस वर्षांची, कॉलेजच्या कबड्डी संघात चार वर्षं खेळलेली आणि आता शारीरिक शिक्षणाचा कोर्स करत असलेली. हाडापेरानं अशी मजबूत, की पाहुण्यांना चहाचा ट्रे देतानासुद्धा ती चढाईला निघाल्यासारखी यायची.

मी म्हटलं, "वैशाख कशाला, आत्ता उचलतो की."

भाची नको नको म्हणत होती. मी तिच्या कमरेला विळखा घातला, वाकलो, आणि जोर लावला. तिचे पाय जमिनीपासून चार बोटं सुटले. मग माझ्या कमरेत काहीतरी बोललं. मी तिला खाली ठेवलं, असं मी म्हणतो. ती स्वतःच उभी राहिली, असं बाकीचे म्हणतात. मी मागं सरकलो ते थेट ताटात.

हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही हसलो, कारण उठता येत नव्हतं. पुढं दोघांनी धरून मला पलंगावर आडवं केलं. संध्याकाळी अक्का शेकायला विटेचा तुकडा तापवून, फडक्यात गुंडाळून घेऊन आली. बराच वेळ शेकत बसली आणि मग हळूच म्हणाली, "ऱ्हाऊ दे भाऊ. तिचे काका उचलतील. ते पैलवान गडी आहेत."

ती रागावून म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती मला सोडवत होती.

आमचे वडील मी शाळेत असतानाच गेले. आई दोन वर्षांपूर्वी. काका नाही, चुलतभाऊ नाही. अक्काला माहेर म्हणून उरलं होतं ते म्हणजे मी, आमची जळगावची दोन खोल्यांची जागा, आणि अखाजीला, अक्षय्यतृतीयेच्या सणाला, तिला आणायला जाणारी माझी सायकल, म्हणजे स्टँडपर्यंत. त्या मांडवात सगळं तिच्या सासरचं असणार होतं: दीर, जावा, भावबंद, मानपान. माहेरचं एवढंच एक काम होतं, चाळीसेक पावलांचं. तेही दिरानं केलं असतं, तर मांडवात अक्काचं असं काय राहिलं असतं?

मी छताकडं बघत म्हटलं, "मी उचलणार आहे." तिनं वीट पालटली.

जळगावला परतल्यावर आठ दिवसांत भाचीचं आंतर्देशीय पत्र आलं. वर 'तीर्थरूप मामांस शिरसाष्टांग नमस्कार' आणि लगेच खाली, 'तुझी कंबर कशी आहे?' पुढं तिनं लिहिलं होतं की आईनं तिला सगळं सांगितलं, की मामा उचलणार असेल तर तो मामा आधी तयार करावा लागेल, आणि तिला परीक्षेत असंही कुणाच्यातरी व्यायामाचं वेळापत्रक लिहायचंच आहे, तर ते माझंच लिहिते. पत्राच्या घडीवर तिनं रेघा मारून तक्ता काढला होता. सोमवार-गुरुवार पळणं, दमासाठी. मंगळवार-शुक्रवार आसनं आणि प्राणायाम, कमरेसाठी आणि श्वासासाठी. बुधवार-शनिवार वजन, ताकदीसाठी. रविवारी विश्रांती. सगळ्यात शेवटी, पत्र चिकटवायच्या पट्टीवर बारीक अक्षरात होतं: 'माझं वजन अठ्ठावन्न किलो. शालू आणि दागिने धरून बासष्ट. कुणाला सांगू नको.'

नवरीनंच आपल्या मामाला स्वतःला उचलायला शिकवावं, असं दुसऱ्या कुठल्या लग्नात झालेलं मी ऐकलेलं नाही.

मी पत्र नीट वाचलं असतं तर पहिला आठवडा वाया गेला नसता. मी हिशेब असा केला, की एकेक दिवस एकेक गोष्ट करत बसलो तर वैशाख उजाडेल. तिन्ही रोज केल्या तर तिप्पट वेगानं होईल. दिवाणजीचं डोकं. पहिल्याच दिवशी पळून आलो, आल्या आल्या जमिनीवर पडून हलासन केलं, आणि मिलमध्ये जाऊन पोत्याशी झटलो. तिसऱ्या दिवशी हात खांद्याच्या वर जाईना. बायकोनं माझा भांग पाडून दिला आणि शर्टाची वरची बटणं लावून दिली. वर म्हणाली, "शाळेत सोडायला येऊ का?"

मी भाचीला खरं ते कळवलं. उलट टपाली एकच ओळ आली: 'मामा, शरीर विश्रांतीत वाढतं, हे पाठ कर.'

मग मात्र तक्त्याप्रमाणं सुरू झालं.

पळण्याचं सांगतो. तेव्हा जळगावात रस्त्यानं पळणारा माणूस म्हणजे एकतर पोलीस भरतीचा पोरगा, नाहीतर गाडी चुकलेला. माझं वय बघता मी दोन्ही नव्हतो. पहिल्या सोमवारी पहाटे मी कॅनव्हासचे बूट घालून मेहरुणच्या तळ्याकडं पळत निघालो, तर कोपऱ्यावरच्या दूधवाल्यानं सायकल आडवी घातली आणि हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं?" मी म्हटलं, कुणी नाही, पळतोय. त्याला ते पटलं नाही. दुपारपर्यंत आळीतल्या दोघी बायका आमच्याकडं विचारपूस करून गेल्या. पुढं त्यांना सवय झाली. मलाही झाली. आधी विजेच्या दोन खांबांमधलं अंतर पळायचो आणि दोन खांबांमधलं चालायचो. फाल्गुनात चार खांब पळू लागलो. चैत्रात तळ्याला एक फेरी न थांबता झाली, तेव्हा सांगायला जवळ कुणी नव्हतं म्हणून मी पाण्यातल्या म्हशींना सांगितलं. त्या हलल्या नाहीत.

ते तळं मला अजून आठवतं. उन्हाळ्यात पाणी आत आत जायचं, काठाचा चिखल भेगाळायचा, आणि सहाच्या आत एक वारा यायचा, बारीकसा. खानदेशात मार्च ते जून तोच एक वारा. सात वाजले की संपला. तो वारा मी छत्तीस वर्षं झोपून घालवला होता, हे त्या वर्षी कळलं.

योगासनांना पालिकेच्या शाळेत जायचो. तिथं चित्रकलेचे एक निवृत्त मास्तर फुकट शिकवायचे. गर्दी म्हणजे सहा माणसं, त्यातली चार मधुमेहाची. मास्तर माणसाच्या शरीराकडंही कागदासारखंच बघत. माझा पाठीचा कणा पाहून म्हणाले, "ही रेघ कुणी काढली हो?" भुजंगासनात माझा भुजंग अर्ध्यातच मरायचा. शवासनात मात्र पहिल्या दिवसापासून मी वर्गात पहिला. एकदा इतका पहिला आलो, की बाकीचे चटया गुंडाळून गेले तरी मी घोरतच होतो, आणि शिपायानं कुलूप लावताना उठवलं. पण मास्तरांनी एक गोष्ट घोटून घेतली. "जोर लावायचा तेव्हा श्वास कोंडू नका, सोडा," ते म्हणायचे. "श्वास कोंडलेला माणूस बंद पेटीसारखा. आत काय आहे ते त्यालाच सापडत नाही."

आता वजनाचं. आखाड्यात जायची मला लाज वाटत होती, आणि खरं तर गरज नव्हती. मी जिथं नोकरी करत होतो तिथं सकाळपासून संध्याकाळपर्यंत वजनच उचललं जात होतं, आणि मी बारा वर्षं त्याकडं पाठ करून बसलो होतो. हमालांचे मुकादम साठीचे होते, धरणगावकडचे, सगळे त्यांना नाना म्हणत. अंगानं काटकुळे. मी त्यांना बाजूला घेऊन माझी अडचण सांगितली. ते हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. त्यांनी विचारलं, बहीण थोरली का धाकटी? थोरली म्हटल्यावर म्हणाले, मग शिकायलाच पाहिजे.

बुधवारी आणि शनिवारी मिल बंद झाल्यावर गोदामात आमची शाळा भरायची. काट्यावर एक पोतं ठेवायचं आणि त्यात तूरडाळ भरायची. वीस किलोंपासून सुरुवात केली आणि दर आठवड्याला चार-पाच किलो वाढवत गेलो. नाना पहिल्या दिवशीच माझ्या कमरेवर बोट ठेवून म्हणाले, "साहेब, हाई काम कंबरनं नही शे. बठ्ठं काम पायस्नं शे." म्हणजे हे काम कमरेचं नाही, सगळं पायांचं आहे; वाकायचं नाही, बसायचं. वजनाकडं पाठ करायची, गुडघे दुमडायचे, हात खांद्यांवरून मागं न्यायचे आणि 'टाका' म्हणायचं. दोघं जण पोतं पाठीवर टाकतात, आपण त्याची वरची टोकं धरायची आणि पायांनी उठायचं. मग छोटी छोटी पावलं. मोठं पाऊल टाकलं की वजन आपल्याला चालवतं, असं ते म्हणत.

एका शनिवारी शेठ अवचित गोदामात आले. ते मूळचे राजस्थानचे, पण तीन पिढ्या जळगावात; मराठी आमच्यापेक्षा शुद्ध. त्यांनी पाहिलं ते असं, की आपला दिवाणजी बनियनवर, पाठीवर डाळीचं पोतं घेऊन दाराच्या दिशेनं लगबगीनं चालला आहे.

"दिवाणजी," ते शांतपणे म्हणाले, "ही डाळ कुठं निघाली?"

मी पोतं पाठीवर तसंच ठेवून सगळी हकीकत सांगितली, साखरपुड्यापासून. त्यात पाचेक मिनिटं गेली. शेठ म्हणाले, "पटलं. खोटं बोलणारा माणूस एवढा वेळ वजन धरून उभा राहत नाही." तेव्हापासून मी दिसलो की ते 'कितीवर आलात' एवढंच विचारायचे.

चैत्र संपता संपता बासष्टवर आलो. मधल्या एका रविवारी धुळ्याला जाऊन मंगल कार्यालयही बघून आलो होतो. नवरीची खोली, मधला बोळ, मग मांडव, मग बोहल्याच्या चार पायऱ्या. मोजून त्रेचाळीस पावलं. गोदामात मी खडूनं तेवढं अंतर आखलं आणि शेवटी पायऱ्यांऐवजी लाकडी फळ्या रचल्या. पट्टा पहिल्यांदा ढिला पडला तो त्याच महिन्यात. पण मला त्याचं विशेष वाटलं नाही. मला रात्री झोपेतही पायऱ्याच दिसत.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. वैशाखातलं धुळं, पत्र्याच्या मांडवात पंखे गरम हवा इकडची तिकडं करत होते. बँडवाले घामानं निथळत होते. भाचीचे काका धोतराचा सोगा खोचून बोहल्याजवळ उभे होते. बाह्या दुमडलेल्या. मला ते बघून बरं वाटलं नाही.

भटजींनी नवरीला आणा म्हणून सांगितलं. मी खोलीत गेलो. भाची गौरीहरापाशी बसलेली, हिरवा शालू, मुंडावळ्या, अंगभर दागिने. भोवती पंधरा-वीस बायका. अक्का एका कडेला, हातात तांदळांचं ताट घेऊन. माझी बायको दारात. मी मनात म्हटलं, घाई नाही. श्वास. पाय. कंबर नाही.

आणि मी भाचीकडं पाठ केली, गुडघे दुमडून बसलो, हात खांद्यांवरून मागं नेले आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "टाका."

साडेतीन महिन्यांत माझ्या अंगाला उचलण्याची एकच रीत ठाऊक झाली होती. नवरीला समोरून, दोन्ही हातांवर घ्यायचं असतं हे मला माहीत होतं. माझ्या अंगाला माहीत नव्हतं. तो एक सराव मी केलाच नव्हता. आम्हां तिघा जाणत्या माणसांच्या, मास्तर, नाना आणि मी, कुणाच्या डोक्यातही तो आला नव्हता.

मग बायका अशा हसू लागल्या की बाहेरचा बँड ऐकू येईना. मला उठून वळावंसं वाटलं, पण वळलो तर समोरून उचलता येणार नव्हतं, ते मला पक्कं ठाऊक होतं.

पाठीमागून भाची म्हणाली, "मामा, मी पोतं आहे का रे?"

मी तसाच बसून म्हटलं, "बाई, मला एवढंच येतं."

दारातून कुणीतरी भटजींना विचारून आलं. ते म्हणाले, पायाला जमीन लागली नाही म्हणजे झालं, घाई करा. मग बांगड्यांचा आवाज झाला. भाचीनं शालू सावरला आणि लहानपणी अखाजीच्या सुट्टीत यायची तशी माझ्या पाठकुळी आली.

उठलो. पायांनी उठलो. बासष्ट किलो बरोबर बासष्टच होते, पण डाळ हसत नाही आणि ही हसत होती, त्यामुळं वजन सारखं हलत होतं. बोळातून छोटी छोटी पावलं टाकत निघालो. मांडवात आलो तेव्हा लोक उठून उभे राहिले. काही हसत होते, काही टाळ्या वाजवत होते, कुणीतरी 'चालू द्या मामा' म्हणत होतं. मी फक्त आकडे म्हणत होतो. अडतिसाव्या पावलाला घाम डोळ्यांत गेला. पहिली पायरी चढलो. दुसऱ्या पायरीवर उजवा गुडघा थरथरू लागला, आणि मी नको ते केलं, श्वास कोंडून धरला. काका एक पाऊल पुढं आले. मग का कोण जाणे, तिथंच थांबले.

कानाशी भाचीचा आवाज आला, अगदी हळू, शिक्षिकेचा. "मामा, श्वास सोड. मग पाय उचल."

मी सोडला. मास्तरांचे शब्द, नानांचे पाय आणि तळ्याच्या फेऱ्यांचा दम, हे तिन्ही माझ्यात एकाच वेळी त्या दोन पायऱ्यांपुरते हजर होते. पुढं आयुष्यात तसं पुन्हा झालं नाही. वर पोचलो. पाटावर तिला उतरवली. पाटापर्यंत तिचे पाय जमिनीला लागले नाहीत.

अक्का माझ्याजवळ आली. पदरानं माझं तोंड पुसलं, लोकांसमोर, शेंबड्या पोराचं पुसावं तसं, आणि पाण्याचा तांब्या हातात देऊन मंगलाष्टकांना उभी राहिली.

आता जळगावात गल्लोगल्ली जिम झाल्या आहेत. आमच्या शेजारचा मुलगा पैसे भरून लोखंड उचलायला जातो, घड्याळात पावलं मोजतो आणि मला विचारतो, काका, तुमच्या काळी काय होतं? मी सांगतो, तूरडाळ होती. त्याला ती चेष्टा वाटते. नाना गेले, मास्तर गेले, मिलच्या जागी दुकानांची इमारत झाली. भाची एका शाळेत खेळाची शिक्षिका होऊन आता निवृत्तीला आली. माझा व्यायाम त्या वैशाखानंतर कमी होत होत पावसाळ्यात थांबला, हेही खरं सांगायला हवं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं आम्ही जळगावला परत निघालो. पारोळ्याच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा मी खाली उतरून उसाच्या रसाचे दोन ग्लास घेऊन आलो. माझे पाय गाडीच्या पायऱ्या उतरताना लाकडासारखे झाले होते, पण चेहऱ्यावर मी काही दिसू दिलं नाही. सकाळपासून माझी बायकोला त्रेचाळीस पावलं दोनदा सांगून झाली होती. तिसऱ्यांदा दुसऱ्या पायरीपर्यंत आलो, आणि म्हटलं, काका पुढं आले आणि थांबले, ते का थांबले असतील?

बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली, "काकांना तिथं मीच उभं केलं होतं. मला वाटलं, तुम्ही पायरीवर बसणार."

मी ग्लास खाली घेतला.

"ते अक्कांना कळलं," ती म्हणाली. "त्या तशाच गेल्या त्यांच्याकडं. म्हणाल्या, पडना तरी चाली, पन हात नका लावू. मन्हं माहेर इतलंच शे."

गाडी सुरू झाली. बायकोनं रस संपवला, ग्लास खिडकीतून रसवाल्याकडं दिला आणि पदर सारखा करत म्हणाली, "अशी बहीण पाठीशी असली की कुणीही पळेल. साडेतीन महिने पहाटे साडेचारला उठून तुमचा चहा कोण ठेवत होतं, ते मात्र तुमच्या गोष्टीत एकदाही आलं नाही."